चित्रपटातील श्रेष्ठ कोण?

सर्वश्रेष्ठ नट कोण आणि सर्वश्रेष्ठ दिग्दर्शक कोण, हा वाद चित्रपटकलेइतकाच जुना आहे. चहाच्या दुकानात, कचेरीच्या मधल्या सुटीत, आगगाडीच्या डब्यात तो अचानक निघतो आणि स्टेशन आले म्हणूनच काय तो थांबतो. त्यात जिंकल्याचे समाधान दोन्ही पक्षांना मिळते आणि कोणाचेही मत बदलत नाही. एवढ्यावरून हा वाद निरर्थक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तथापि कोणते चित्रपट जपले जावेत, कोणते पुढील पिढीला दाखवले जावेत आणि कोणाची नावे इतिहासात राहावीत, हे पुष्कळ अंशी याच वादातून ठरत असते. म्हणून तो कसा चालतो आणि कोठे अडतो, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

मराठी रसिकांना अशा तुलनेची सवय रंगभूमीने लावली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग झाला. त्यात बालगंधर्व भामिनीच्या आणि केशवराव भोसले धैर्यधराच्या भूमिकेत एकाच रंगमंचावर उभे राहिले. दोघांचे चाहते त्या रात्री आपापल्या दैवताची सरशी पाहण्यास आले होते. त्यानंतर काही महिन्यांतच केशवराव निवर्तले. ज्यांनी तो प्रयोग पाहिला, त्यांच्या आठवणीत तो राहिला. पाहणारे गेले, तसा तोही गेला. आज त्या दोघांची तुलना करावयाची तर जुन्या ध्वनिमुद्रिका आणि लेखी वर्णने एवढाच आधार उरला आहे.

चित्रपटाची गोष्ट याहून वेगळी असावयास हवी. नटाची मुद्रा, त्याचा आवाज, दिग्दर्शकाने योजलेली दृश्यरचना हे सारे फितीवर उतरलेले असते. शंभर वर्षांनी जन्मलेल्या प्रेक्षकालाही तोच चित्रपट पुन्हा पाहता येतो. मग पुरावा समोर असताना निकाल का लागू नये? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास एक चांगले साधन उपलब्ध आहे. ते म्हणजे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे 'साइट अँड साउंड' हे मासिक दर दहा वर्षांनी घेत आलेले मतदान.

या मतदानाची पद्धत साधी आहे. जगभरच्या टीकाकारांना त्यांच्या मते सर्वोत्कृष्ट असे दहा चित्रपट विचारावयाचे आणि प्रत्येक चित्रपटाला किती जणांनी निवडले ते मोजावयाचे. पहिले मतदान १९५२ साली झाले. त्यात ६३ टीकाकारांची उत्तरे आली आणि व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' हा १९४८ चा इटालियन चित्रपट पहिला आला. पुढे १९६२ पासून २००२ पर्यंत सलग पाच वेळा पहिला मान ऑर्सन वेल्स यांच्या 'सिटिझन केन' या १९४१ च्या अमेरिकन चित्रपटाला मिळाला. २०१२ साली आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९५८ च्या 'व्हर्टिगो'ने त्याला मागे टाकले. २०२२ साली शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा १९७५ चा 'जान दिएलमान' पहिला आला. स्त्रीने दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

सत्तर वर्षांत पहिल्या स्थानावर चार चित्रपट येऊन गेले. या अवधीत त्या चित्रपटांतील एकही दृश्य बदलले नव्हते. 'सिटिझन केन' १९५२ च्या यादीत पहिल्या दहांतही नव्हता. दहा वर्षांनी तोच सर्वश्रेष्ठ ठरला. तेव्हा बदलले ते पाहणारे आणि पाहण्याची सोय, असेच म्हणावे लागते. हा बदल कसा घडतो याची तीन कारणे या मतदानातच सापडतात.

पहिले कारण मोजणीचे. १९५२ च्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर दोन चित्रपट बरोबरीने होते, 'सिटी लाइट्स' आणि 'द गोल्ड रश'. दोन्ही चार्ली चॅप्लिनचे. ज्यांना चॅप्लिन थोर वाटला, त्यांची मते त्याच्या दोन कृतींत विभागली गेली. त्या वर्षी चित्रपटाऐवजी दिग्दर्शकाचे नाव विचारले असते, तर निकाल निराळा लागला असता, असे मानण्यास चांगला आधार आहे. ज्याने एकच अजोड कृती केली, त्याला अशा मतदानात लाभ होतो. ज्याच्या दहा कृती तोलामोलाच्या आहेत, त्याची मते पांगतात. म्हणजे 'श्रेष्ठ चित्रपट कोणता' आणि 'श्रेष्ठ दिग्दर्शक कोण' हे प्रश्न दिसावयास जुळे असले तरी त्यांची उत्तरे एक असतीलच असे नाही.

शिवाय पहिला क्रमांक म्हणजे एकमत नव्हे. २०१२ साली ८४६ जणांनी आपल्या याद्या पाठविल्या. त्यांपैकी १९१ जणांच्या यादीत 'व्हर्टिगो' होता आणि १५७ जणांच्या यादीत 'सिटिझन केन'. दहा नावे देण्याची मुभा असूनही तीन चतुर्थांशांहून अधिक जाणकारांना पहिल्या आलेल्या चित्रपटाचे नाव घ्यावेसे वाटले नाही! २०२२ साली मतदारांची संख्या १,६३९ पर्यंत वाढली. त्याच वर्षी दिग्दर्शकांचे जे स्वतंत्र मतदान झाले, त्यात पहिला क्रमांक स्टॅन्ली क्यूब्रिक यांच्या '२००१: अ स्पेस ओडिसी'ला मिळाला. टीकाकारांचा निवाडा एक आणि कारागिरांचा दुसरा. दोघेही जाणकार, दोघेही प्रामाणिक.

दुसरे कारण उपलब्धतेचे. 'व्हर्टिगो' हा हिचकॉक यांच्या ज्या पाच चित्रपटांचे प्रदर्शन दीर्घकाळ बंद होते, त्यांपैकी एक. १९८३-८४ च्या सुमारास ते पुन्हा चित्रगृहांत आले आणि १९९६ साली 'व्हर्टिगो'ची झिजलेली फीत दुरुस्त होऊन नव्या झळाळीने लोकांपुढे आली. त्याची कीर्ती त्यानंतर चढत गेली. यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाची कथा तर अधिक बोलकी आहे. त्यांचा 'टोकियो स्टोरी' १९५३ चा. वृद्ध आईवडील शहरातील मुलांकडे येतात आणि मुलांना त्यांच्यासाठी वेळ नसतो, एवढेच त्याचे कथानक. हे चित्रपट फारच जपानी आहेत, परक्यांना ते रुचणार नाहीत, अशी जपानी वितरकांचीच समजूत होती. न्यूयॉर्कच्या चित्रगृहात तो पोहोचला १९७२ साली. १९५२ किंवा १९६२ च्या बहुतेक पाश्चात्त्य टीकाकारांनी ओझूंना डावलले असे म्हणता येत नाही; त्यांनी ते पाहिलेच नव्हते. २०१२ साली दिग्दर्शकांच्या मतदानात हाच चित्रपट पहिला आला.

सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' १९५५ चा. १९५६ साली कान महोत्सवात 'सर्वोत्तम मानवी दस्तऐवज' म्हणून त्याचा गौरव झाला, म्हणून तो जगभर पाहिला गेला आणि १९९२ च्या मतदानात पहिल्या दहांत आला. त्याच तोलाचा एखादा कन्नड, मल्याळी किंवा मराठी चित्रपट महोत्सवात गेलाच नसेल, त्याला परभाषेतील उपशीर्षके लाभलीच नसतील, तर त्याची गणना होणार कोठून? न पाहिलेल्या कृतीला कोणीही मत देत नाही. श्रेष्ठत्वाच्या याद्या वाचताना ही मर्यादा सतत ध्यानात ठेवली पाहिजे.

तिसरे कारण दृष्टीचे. 'जान दिएलमान'मध्ये एका विधवेचे तीन दिवस दाखविले आहेत. ती बटाटे सोलते, अंथरूण नीट करते, मुलाला जेवू घालते, आणि घर चालविण्यासाठी पुरुषांचे येणे सोसते. चित्रपट तीन तासांहून अधिक चालतो आणि कॅमेरा जागचा हलत नाही. घरकामासारखी गोष्ट पडद्यावर एवढा वेळ पाहण्याजोगी असते हेच पूर्वीच्या अनेक टीकाकारांस पटले नसते. नंतरच्या पिढीला त्यातच चित्रपटकलेचे नवे सामर्थ्य दिसले. अभिरुची बदलली म्हणजे ती सुधारली किंवा बिघडली असा निष्कर्ष लगेच काढू नये. प्रत्येक पिढी आपल्या प्रश्नांची उत्तरे जुन्या कृतींत शोधते, आणि ज्या कृती ती देतात, त्या वर चढतात.

येथवर विचार झाला तो चित्रपटांचा. परंतु चित्रपटाचे श्रेय एका दिग्दर्शकाला द्यावे काय, हा वाद याहूनही कडाक्याचा आहे. १९५४ साली फ्रान्स्वा त्रुफो या तरुण फ्रेंच टीकाकाराने 'काये द्यु सिनेमा' या मासिकात एक जहाल लेख लिहिला. प्रसिद्ध कादंबऱ्यांवर बेतलेल्या बांधेसूद पटकथा पडद्यावर आणून ठेवणारे दिग्दर्शक त्याला नापसंत होते. कादंबरीवर लेखकाची, तशी चित्रपटावर दिग्दर्शकाची स्वतःची मुद्रा उमटली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. हे मत अमेरिकेत अँड्र्यू सॅरिस यांनी १९६२ साली मांडले. पुढच्याच वर्षी पॉलीन केल या टीकाकार बाईंनी त्यावर कडक प्रतिहल्ला चढविला. एखाद्याची मुद्रा प्रत्येक चित्रपटात ओळखू येते, एवढ्यानेच ती चांगली कशी ठरते, हा त्यांचा सवाल बिनतोड होता.

त्याच केलबाईंनी १९७१ साली 'सिटिझन केन'वर दीर्घ लेख लिहून त्याच्या पटकथेचे श्रेय वेल्स यांच्याऐवजी सहलेखक हर्मन मॅन्किविट्झ यांच्या पदरात टाकले. पुढे अभ्यासकांनी पटकथेचे सर्व खर्डे तपासले तेव्हा वेल्स यांचा वाटाही भरीव असल्याचे दिसून आले. म्हणजे केलबाईंचा आरोप टिकला नाही. परंतु त्यांनी उठविलेला प्रश्न टिकला. त्या चित्रपटाचे छायालेखक ग्रेग टोलंड होते. जवळची आणि दूरची वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसावी, ही त्यांची किमया आजही विद्यार्थ्यांना शिकविली जाते. खुद्द वेल्स यांनी श्रेयनामावलीत टोलंड यांचे नाव आपल्या नावाच्या बरोबरीने एकाच पाटीवर घातले. संगीत बर्नार्ड हेरमान यांचे. 'व्हर्टिगो'चे संगीतही याच हेरमान यांचे आहे! पन्नास वर्षे जगात पहिला गणला गेलेला चित्रपट आणि त्याला मागे टाकणारा चित्रपट, या दोहोंत समान असलेला हा माणूस 'श्रेष्ठ कोण' या वादात मात्र क्वचितच येतो.

मराठी चित्रपटसृष्टीत या गोष्टीचा अनुभव फार पूर्वीच आला आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली ती पाच भागीदारांच्या बळावर, आणि १९३३ साली ती पुण्यास गेली. तिच्या १९३६ च्या 'संत तुकाराम'वर दिग्दर्शक म्हणून दामले आणि फत्तेलाल अशी दोन नावे आहेत. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे, गीते शांताराम आठवल्यांची. आठवल्यांनी त्यात एक अभंग नव्याने रचला. तो इतका जमून गेला की प्रत्यक्ष तुकोबांचाच म्हणून अनेकांनी तो गाथेत शोधला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. आता यातील थोरपण कोणाचे? पांडुरंगाच्या भक्तीत रंगलेल्या विष्णुपंत पागनिसांचे, संसाराची ओढाताण सोसणारी जिजाई उभी करणाऱ्या गौरीबाईंचे, की त्या सर्वांना एका सुरात आणणाऱ्या दोन दिग्दर्शकांचे? कोणा एकाचे नाव घेतले तर उरलेल्यांवर अन्याय होतो. आणि सर्वांची घेतली तर प्रश्नच मिटतो.

नटांच्या बाबतीत गुंतागुंत आणखी वाढते. रंगभूमीवर नट आपली भूमिका आरंभापासून शेवटपर्यंत सलग जगतो. चित्रपटात ती तुकड्यातुकड्यांनी, बहुधा उलटसुलट क्रमाने चित्रित होते आणि पुढे संकलकाच्या टेबलावर जुळते. लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाचा या संदर्भातील प्रयोग प्रसिद्ध आहे. मोझ्झुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे एकच दृश्य त्याने निरनिराळ्या चित्रांना जोडले. पुडॉव्हकिन यांच्या कथनानुसार सूपाच्या बशीनंतर तो चेहरा पाहणाऱ्यांना विचारमग्न वाटला, शवपेटीनंतर शोकाकुल वाटला आणि खेळणाऱ्या बालकानंतर प्रसन्न वाटला. प्रेक्षकांनी नटाची वाखाणणी केली. नटाने तर काहीच केले नव्हते. या प्रयोगाची मूळ फीत आज नाही. परंतु त्यातील मर्म प्रत्येक संकलक जाणतो.

म्हणूनच १९५२ साली सर्वश्रेष्ठ ठरलेल्या 'बायसिकल थीव्ज'चा नायक लाम्बेर्तो माज्जोरानी हा धंद्याने नट नव्हता, कारखान्यातील कामगार होता. उलट बालगंधर्वांसारखा रंगभूमीचा सम्राट १९३५ साली शांतारामबापूंच्या 'धर्मात्मा'मध्ये संत एकनाथ झाला तेव्हा रंगमंचावरील जादू पडद्यावर उतरली नाही. शेवटच्या ओळीतील प्रेक्षकापर्यंत पोहोचण्यासाठी घडविलेला अभिनय हातभर अंतरावरच्या कॅमेऱ्यापुढे निराळाच दिसतो. मात्र रंगभूमीचे संस्कार पडद्याला मारकच असतात, असा नियमही यातून निघत नाही. केशवराव दाते रंगभूमीवरच घडले आणि १९३७ च्या 'कुंकू'त त्यांनी उभा केलेला विजोड विवाहातील वृद्ध नवरा मराठी पडद्यावरील संस्मरणीय भूमिकांत मोडतो. तेव्हा नटाचे मोठेपण ठरविताना त्याच्या कीर्तीपेक्षा त्या विशिष्ट भूमिकेत, त्या विशिष्ट माध्यमात त्याने काय केले, हे पाहणे भाग आहे.

आता या सर्व वादाच्या बुडाशी असलेली एक गोष्ट. फितीवर उतरले म्हणजे ते टिकले, हा समज खरा नाही. जुन्या नायट्रेट फिती ज्वालाग्राही असतात आणि न जळल्या तरी कालांतराने कुजतात. वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांत पुरा केला. त्यातील थोडासाच भाग आज शिल्लक आहे, आणि तोही मूळचा की १९१७ च्या नव्या आवृत्तीतील, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांच्या १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. त्याचाही तुकडाच उरला. बाबूराव पेंटरांच्या १९२५ च्या 'सावकारी पाश' या मूकपटात तरुण शांतारामांनी सावकाराकडून नाडल्या गेलेल्या शेतकऱ्याची भूमिका केली होती. तो मूकपट आज पाहावयास मिळत नाही. १९३१ चा 'आलम आरा', भारताचा पहिला बोलपट, याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले तेव्हा मूकपटांचा फार मोठा भाग नाहीसा झालेला होता, आणि २००३ साली त्या संग्रहाच्या नायट्रेट फितींनाच आग लागून अनेक जुने चित्रपट भस्म झाले.

याउलट एखादी प्रत दैवयोगाने सापडली तर काय होते, हेही पाहण्याजोगे आहे. कार्ल ड्रायर यांचा 'जोन ऑफ आर्क'वरील मूकपट १९२८ चा. त्याची मूळ निगेटिव्ह त्याच वर्षी बर्लिनमध्ये जळाली. १९८१ साली ऑस्लोच्या एका मनोरुग्णालयात त्याची मूळ स्वरूपातील प्रत मिळाली. त्यातील फाल्कोनेत्ती या नटीचा अभिनय पडद्यावरील सर्वश्रेष्ठ अभिनयांत गणला जातो. आज तो मूळ स्वरूपात पाहता येतो, तो त्या प्रतीमुळे. 'पथेर पांचाली'च्या निगेटिव्हलाही १९९३ साली लंडनमधील आगीची झळ लागली. तंत्रज्ञांनी जळक्या फिती वर्षानुवर्षे सांधल्या, तेव्हा २०१५ साली त्याची पुनरुज्जीवित आवृत्ती लोकांपुढे आली. त्या तंत्रज्ञांची नावे बहुतेक प्रेक्षकांना ठाऊक नाहीत. परंतु रायांचे मोठेपण नव्या पिढीच्या डोळ्यांपर्यंत पोहोचविण्यात त्यांचा वाटा आहेच.

मग हा वाद घालावा की घालू नये? अवश्य घालावा, मात्र प्रश्न नेमके करावेत. 'सर्वश्रेष्ठ दिग्दर्शक कोण' असे विचारण्याऐवजी 'यांच्या आधी पडद्यावर जे साध्य नव्हते ते यांनी कोणते साध्य केले' असे विचारावे. 'सर्वश्रेष्ठ नट कोण' याऐवजी 'या भूमिकेत दुसरा नट असता तर काय हरपले असते' असे विचारावे. मत देण्यापूर्वी त्या कलावंताच्या किती कृती प्रत्यक्ष पाहिल्या, याचा मनाशी हिशेब करावा. आणि आपल्या उमेदवाराचे समर्थन करताना छायालेखक, संकलक, लेखक, संगीतकार यांपैकी निदान एकाचे नाव घेता येते का, हे तपासावे. एवढे पथ्य पाळले तर चहाच्या दुकानातील वादही चित्रपटकलेचा अभ्यास ठरेल.

दर दहा वर्षांचा क्रम पुढे चालला तर पुढचा कौल २०३२ साली घेतला जाईल. पहिला क्रमांक कदाचित पुन्हा बदलेल आणि वृत्तपत्रांतून नवा गदारोळ होईल. त्या यादीत एखादा मराठी चित्रपट यावा असे ज्यांना वाटते, त्यांच्यापुढील काम मत मांडण्यापासून सुरू होत नाही. त्या चित्रपटाची चांगली प्रत कोठे आहे, ती कोणत्या अवस्थेत आहे आणि ती परभाषिकांना समजेल अशा रूपात दाखविता येईल काय, या चौकशीपासून ते सुरू होते.